लाल पानाची टोपली

मित्रांनो, माझ्या काठावरून हात फिरवलात तर एके ठिकाणी बोटाला टोचेल. तिथे एक पाती बाहेर सुटली आहे. ती कापू नका. नीटनेटकेपणाची हौस असलेल्या कितीतरी जणांनी आजवर कात्री उचलली आणि लेइपाकोआ म्हातारीची बोलणी खाल्ली.

केवड्याच्या पातींची एक जुनी टोपली आहे मी. आमच्या बेटावरच्या शाळेत फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेली असते. माझा एक कान तुटका आहे आणि पोटावर लाल रंगाचं एक पान विणलेलं आहे. मला बघायला बोटीने माणसं येतात, फोटो काढतात, वा वा करतात. कौतुक कुणाला नको असतं? मलाही एके काळी फार हवं होतं. आता कोणी वा म्हटलं की मला भिंतीकडे तोंड करावंसं वाटतं. का, ते सांगते. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून तक्रार नको.

केवडा म्हटलं की तुम्हाला वास आठवत असेल. मला काटे आठवतात. पानाच्या दोन्ही कडांना काटे, मधल्या शिरेलाही काटे. लेइपाकोआने मला झाडावरून कापलं, सुरीने काटे सोलले, पिंपात उकळलं, भरतीच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवलं आणि मग वाळूवर उन्हात टाकून दिलं. हिरवी गेले आणि पांढरी होऊन परत आले. मग तिने माझी वेटोळी केली, नखाने बारीक पाती चिरल्या. इतका छळ झाल्यावर कुठे ती विणायला बसली. "सोसल्याशिवाय पाती मऊ होत नाही," असं ती पोरींना सांगायची. पोरी एकमेकींकडे बघून हसायच्या.

लेइपाकोआला सगळं बेट बुबू म्हणतं. बुबू म्हणजे आजी. ती लहान असताना एका वादळात तिची आई गेली, दोन भाऊ गेले. वादळ येतंय हे पक्ष्यांना कळलं होतं, केळींना कळलं होतं, माणसांना सांगणारं कोणी नव्हतं. तेव्हापासून बुबूच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. घाबरल्यावर डोकं विसरतं, पण बोटं विसरत नाहीत. म्हणून वादळाचा धडा पोरांच्या बोटांत घालायचा. शाळेतल्या प्रत्येक पोराने तिच्यापुढे बसून एक टोपली विणायची, आणि विणताना ओळ ओळ म्हणायची.

"खालची ओळ काय सांगते?" बुबू विचारायची.

"काळा पक्षी जमिनीवर आला! केळीचा कोंब वाकला!" पोरं ओरडायची.

"मग?"

"केळीची पानं छाटा! कोनफळं खड्ड्यात पुरा!"

"वरची वाकडी ओळ?"

"गुहेची वाट!"

"आणि काठ?"

"माणसं मोजा!"

काठ बंद करताना सगळ्या पाती आत दुमडून घ्याव्या लागतात. एक जरी बाहेर राहिली तरी टोपली तिथून उसवत जाते. बुबू म्हणायची, "म्हणून मोजायचं. गुहेत शिरलात म्हणजे झालं नाही. एक जरी बाहेर राहिलं तरी टोपली वाया."

शेवटी पोरं ती टोपली भरायला शिकायची: पाणी, काडेपेटी, चाकू, भाजलेलं कोनफळ. भरलेली टोपली दाराशी टांगायची आणि पक्षी आला की खांद्यावर घ्यायची. असा हा धडा. मी मात्र इतर टोपल्यांसारखी नव्हते. माझ्या आत एक जास्तीचा कप्पा होता आणि पोटावर हे लाल पान. ते का, हे सांगायला नेटीची गोष्ट सांगायला हवी.

नेटी बुबूची नात. तिचे आईबाप दोघेही ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेले. आमच्याकडच्या कितीतरी घरांतले जातात. पोरीला सांभाळायला बुबू होती आणि बापाची बहीण रोसी आत्या. ही रोसी आत्या म्हणजे आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची, आणि जीव लावण्यात कुणाचं न ऐकणारी. नेटी तीन वर्षांची असताना आत्याने तिला मळ्यातल्या उकडलेल्या शेंगा सोलून भरवल्या. आमच्या बेटावर शेंगा मुबलक. जुड्या बांधून बंदरावर विकायला नेतात. दोन दाणे पोटात गेले नाहीत तोच पोरीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. नशीब, त्या दिवशी किनाऱ्याला बोट होती. तिला पोर्ट विला शहराच्या इस्पितळात नेलं आणि ती वाचली.

दवाखान्यातल्या सिस्टर एल्सीने मग सगळ्यांना बसवून समजावलं. हिचं रक्त शेंगदाण्याला शत्रू समजतं. चिमूटभरसुद्धा द्यायचा नाही. चुकून गेलाच पोटात, तर ही पेनासारखी सुई मांडीत दाबायची आणि लगेच शहराच्या इस्पितळात न्यायचं. "सुईने वेळ मिळतो," एल्सी म्हणाली, "आजार जात नाही. नीट ऐका. सुई म्हणजे फक्त वेळ." अशा दोन सुया मिळाल्या होत्या. एक नेटीजवळ ठेवायची, दुसरी दवाखान्याच्या कपाटात. दर वर्षी बोटीने नव्या यायच्या.

लोकांनी ऐकलं आणि घरी जाताना सोडून दिलं. वर बोलणं तर काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

"शेंगदाण्याने कोणी मरतं का?" रोसी आत्या म्हणाली. "मी तर शेंगांवरच वाढले. बघा!"

"ते दिसतंय, रोसी," मुखिया मानुआ म्हणाले, आणि सगळी चावडी हसली.

"शहरात गेलं की नवीन आजार घेऊन येतात," कोणी तरी म्हणालं. "थोडा थोडा द्या. सवय होईल पोरीला."

आणि दिलाही. एका शेजारणीने मायेने, सवय व्हावी म्हणून, केळ्यात दाबून दाण्याचा तुकडा दिला. पुन्हा ओठ, पुन्हा शिट्टी, पुन्हा बोट. या वेळी पोर परत आली तेव्हा बुबूने एक चांगली चटई गुंडाळली, काखेत मारली आणि मुखियांच्या दारात जाऊन बसली.

आमच्याकडे नमेले नावाचं झाड असतं, बुटक्या ताडासारखं. त्याचं पान जिथे खोवलं तिथे मनाई. खडकावर खोवलं तर मासे धरायचे नाहीत, नारळाच्या बागेत खोवलं तर नारळ पाडायचा नाही. पान मुखियाने खोवायचं आणि मुखियानेच काढायचं. मधल्या काळात उपाशी माणूससुद्धा तिकडे हात लांबवत नाही.

"मानुआ, पोरीच्या तोंडावर पान खोव," बुबू म्हणाली. मुखिया नात्याने तिचा पुतण्या लागायचे.

"माणसाच्या तोंडावर? असं कधी ऐकलंय का, काकू?"

"डॉक्टरचं कुणी ऐकत नाही, सिस्टरचं ऐकत नाही. पानाचं ऐकतात."

मुखियांनी विचार केला आणि नजराणा म्हणून आणलेली ती चटई घेतली. दुसऱ्या रविवारी प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्यांसमोर मनाई जाहीर केली: नेटीच्या तोंडाला शेंगदाण्याची मनाई, तिला तो देणाऱ्या हातालाही मनाई. एल्सीला हे फारसं पटलं नाही. ती म्हणाली, "बुबू, हे औषधाचं काम आहे, पानाचं नाही."

"माहीत आहे गं. पण तुझ्या औषधाला कोण घाबरतं?"

एल्सी हसली. "तेही खरंच."

नेटी पाच वर्षांची झाली तेव्हा बुबूने मला विणायला घेतलं. मला नेटीने विणलं असं म्हणता येणार नाही, पण तिने विणलं नाही असंही म्हणता येणार नाही. खालच्या चार ओळी तिच्या. वाकड्यातिकड्या आहेत त्या. पोटावरचं नमेलेचं पान बुबूने लाल पातींनी विणलं. ताजं पान सुकतं, म्हणून विणलेलं. आतल्या कप्प्यात फडक्यात गुंडाळून सुई ठेवली. काठ बंद करायची वेळ आली तेव्हा नेटी म्हणाली, "मी करणार," आणि शेवटची पाती तिने दुमडली. ती नीट बसली नाही. बुबू बघूनही न बघितल्यासारखी राहिली. सुटलेलं ते टोक नेटी पुढे कायम दातात धरून चावत बसायची. विचार करताना, रडू आवरताना, गोष्ट ऐकताना. माझ्या काठाला तिच्या दातांच्या खुणा आहेत.

ती वर्षं चांगली गेली, मित्रांनो. मी तिच्या खांद्यावर शाळेत जायचे, चर्चला जायचे, किनाऱ्यावर जायचे. लाल पान दिसलं की पोरं शेंगा खाल्लेले हात समुद्रात धुऊन यायची. रोसी आत्याचं तर विचारूच नका. जी सगळ्यांत मोठ्याने हसली होती, तीच सगळ्यांत कडक झाली. नेटीची पापी घेण्याआधी चूळ भरायची. लग्नकार्यात लापलाप, म्हणजे केळीच्या पानात भाजलेला वाटलेला कंद, वाढताना पहारेकऱ्यासारखी उभी राहायची. "कोणी वाटलंय हे? कशात वाटलंय? शेंगा कुटलेल्या खलबत्त्यात नाही ना?" बायका कंटाळायच्या. "तूच वाट बाई घरून," म्हणायच्या. आणि ती खरंच घरून वाटून आणायची.

नेटी आठ वर्षांची असताना समुद्रावरचे काळे पक्षी जमिनीवर आले. सकाळी शाळा भरत होती आणि ते लांब पंख पसरून थेट आंब्याच्या झाडांवर फिरायला लागले. रेडिओ अजून काही बोललाही नव्हता. पोरं एका सुरात ओरडली, "खालची ओळ!" मग सगळं त्या टोपलीच्या क्रमाने झालं. मोठ्या माणसांना पोरांनी कामाला लावलं. केळीची पानं छाटली, कोनफळं पुरली, छपरांवर झावळ्या आणि दोर टाकले. दुपारी सगळं गाव गुहेत. मुखिया मोजायला लागले आणि एक म्हातारा कमी भरला. तो कुत्र्याला शोधत बसला होता. दोन तरुण जाऊन त्याला कुत्र्यासकट उचलून घेऊन आले. मग वारा सुटला. त्याच्याबद्दल मी बोलत नाही. बोलण्यासारखं ते काही नव्हतं. नेटी मला छातीशी धरून ती पाती चावत होती, एवढंच मला आठवतं.

बाहेर आलो तेव्हा गाव नव्हतं. चर्च नव्हतं, शाळेच्या भिंती तेवढ्या होत्या, बोटींच्या फळ्या झाडांवर अडकल्या होत्या. पण माणसं सगळी होती. शेजारच्या बेटांवर किती गेली ते नंतर कळलं. आमच्याकडे एकही नाही. लोक बुबूच्या पाया पडायला आले. तिने सगळ्यांना हाकललं, "पायात काय आहे माझ्या? जा, झावळ्या गोळा करा." मी नेटीच्या खांद्यावर होते. खरं सांगते, मी अभिमानाने फुगले होते.

त्यानंतर भूक आली. पुरलेली कोनफळं सगळ्या गावाला किती पुरणार? मळे आडवे झालेले. फोनचा मनोरा पडलेला. बेटाच्या पलीकडच्या टोकाला दवाखाना होता. त्याचं छप्पर गेलं होतं आणि एल्सी ताडपत्रीखाली जखमी माणसं बघत होती. बुबू रोज सकाळी तिकडे चालत जायची. तिकडच्या बायकांना झावळ्यांची छपरं विणायला शिकवायची होती. "नेटीला सांभाळ," जाताना रोसीला सांगायची. रोसी म्हणायची, "मला सांगायला हवं का?"

मग एक जहाज आलं. त्याने किनाऱ्यावर तांदूळ, बिस्किटं, मासळीचे डबे उतरवले आणि घाईघाईने पुढच्या बेटाकडे गेलं. तिकडची हालत आमच्यापेक्षा वाईट होती. लहान मुलांसाठी त्यात छोट्या पुड्या होत्या. आत गोड, तपकिरी, घट्ट पीठ. अशक्त पोरांना ताकद यावी म्हणून. पुडीवर शेंगेचं चित्र होतं.

त्याच दिवशी मुखिया मानुआंनी मनाया उठवल्या. आमच्याकडे रीतच आहे ती. संकट पडलं, गाव उपाशी राहिलं, की मुखियाने सगळी पानं काढून टाकायची. खडक मोकळा, बाग मोकळी, साठवलेलं सगळं मोकळं. भुकेल्या गावात पान खोवून बसणारा मुखिया कसला, असं म्हणतात. ते एकेका जागी गेले, सुकलेली पानं उपटली आणि चावडीच्या उरलेल्या खांबाला बांधली. लोक मागे चालत होते. कुणाच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटी ते चावडीसमोर आले तेव्हा नेटी तिथे उभी होती आणि माझ्या पोटावरचं लाल पान उन्हात चमकत होतं.

रोसी आत्याने विचारलं. मी ऐकलं, तिने नीट विचारलं. "मुखिया, हिचीपण उठली का?"

मुखिया मागे वळले. नेटीकडे बघितलं. पोरीच्या गळ्याची हाडं दिसत होती. मला वाटतं त्यांना तेवढंच दिसलं.

"सगळ्यांच्या उठल्या," ते म्हणाले. "मीच खोवलं होतं, मीच काढतो. आजपासून या गावात एकही पोर उपाशी नाही." त्यांनी नेटीच्या डोक्यावर हात ठेवला, मला तिच्या खांद्यावरून हळूच काढलं आणि सुकलेल्या पानांच्या शेजारी, त्या खांबाला टांगलं. सुई माझ्या कप्प्यातच होती. कुणी वाईट हेतूने काही केलं नाही, मित्रांनो. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण मलाच ते पुन्हा पुन्हा पटवावं लागतं.

रोसी आत्याने स्वतः काही खाल्लं नव्हतं. तिला मिळालेली बिस्किटं देऊन तिने एका शेजारणीकडून पुडी घेतली होती, आणि कमरेला खोचून ठेवली होती.

"घे गं बाळ."

"यात ते आहे," नेटी म्हणाली. तिला चित्र ओळखता येत होतं.

"मनाई उठली ना आता. ऐकलंस की तू."

"बुबूला विचारू?"

"बुबू पलीकडे आहे, संध्याकाळी येईल. आणि मुखियांनी सांगितल्यावर बुबूला काय विचारायचं? खा. किती वाळलीस बघ."

नेटीने माझ्याकडे बघितलं. खांबाकडे, पानांकडे. मग हसली. तुम्हाला कळेल ते हसू. पाच वर्षं सगळ्यांच्या पंगतीत बाजूला बसलेल्या पोरीचं. आता तीही सगळ्यांसारखी झाली होती. तिने पुडी फाडली आणि बोटाने चाटायला लागली. "गोड आहे," म्हणाली. "आत्या, तूपण घे."

मला ओरडता येत असतं तर!

ओठ सुजले तेव्हा रोसी आधी पुटपुटली, "नाही, नाही, उठलीय, उठलीय." मग शिट्टी ऐकू आली आणि तिने पोरीला पाठीवर घेतलं आणि दवाखान्याच्या वाटेने धावत सुटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत झाली. सुई इथे, माझ्या पोटात, आणि ती धावली तिकडे. माणूस घाबरला की डोकं विसरतं, आणि या गोष्टीचा सराव तिच्या बोटांना नव्हता. वादळाच्या टोपलीत त्याची ओळ नव्हती.

आठवलं ते मुखियांना. त्यांनी मला खांबावरून असं खेचलं की माझा कान तुटून तिथेच राहिला. मानुआ वयस्कर, पाय अधू, तरी पडलेल्या झाडांवरून धावत होते, "रोसी, थांब! सुई! सुई!" गुहेकडे वाट फुटते तिथे गाठलं त्यांनी तिला. रोसीने फडकं सोडलं, सुई मांडीत दाबून धरली, एल्सीने दाखवलं होतं तशी. आणि काही वेळाने शिट्टी थांबली. नेटीने डोळे उघडले, मला बघितलं आणि विचारलं, "टोपली कोणी फाडली?"

रोसी मोठ्याने रडायला लागली आणि हसायलाही. मुखिया वाटेतच खाली बसले. "देवा, देवा," एवढंच म्हणत राहिले. वाटलं, संपलं. मलाही वाटलं. पण एल्सीने काय सांगितलं होतं ते तुम्ही ऐकलं आहे. सुई म्हणजे फक्त वेळ. आणि त्या वेळात जायचं ज्या बोटीने, ती बोट झाडावर लटकत होती.

त्यांनी तिला ताडपत्रीखाली नेलं. तिथेच ते पुन्हा सुरू झालं. एल्सीच्या कपाटातली दुसरी सुई कपाटासकट समुद्रात गेली होती. औषधाची जी काही कुपी राहिली होती, ती तिने दिली. ती संपली. मग तिने पोरीला बसतं धरलं, तोंडात श्वास फुंकला, पुन्हा पुन्हा. कुणाला तरी किनाऱ्यावर पाठवलं, लांब दिसणाऱ्या जहाजाला चादर हलवून दाखवायला. जहाज लांबच राहिलं. बुबू झावळ्या टाकून आली होती. तिने नेटीच्या हातात माझा काठ दिला, ती पाती तिच्या बोटांत दिली. नेटीने ती धरली. तोंडापर्यंत नेता आली नाही. सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा तिची बोटं सुटली.

बुबूने मान वर केली.

"तू उठवलीस?"

"मी... मी सगळ्यांच्या उठवल्या, काकू," मुखिया म्हणाले. "मीच घातली होती ना. मला वाटलं..."

"ती तुझी नव्हती, मानुआ. माझीही नव्हती. मी नुसती विणली." बुबूचा आवाज वर गेला नाही. "वारा थांबतो, भूक थांबते. तिच्या रक्ताला कोण सांगणार होतं, की आता उठली म्हणून?"

रोसी आत्या तेव्हापासून मोठ्याने बोललेली मी ऐकलेली नाही. बुबू तिला कधी टाकून बोलली नाही. एकदा रोसीच म्हणाली, "मला मार तरी, बुबू." बुबू म्हणाली, "खलबत्ता धुवून आणायचीस तू, मी बघितलंय," आणि तिला कोनफळ सोलायला दिलं. मुखियांनी मुखियापण सोडलं. नवा मुखिया आला. खडकावर, बागेत, परत पानं खोवली गेली. जग असं चालूच राहतं. फोन सुरू झाला तेव्हा ऑस्ट्रेलियातून पहिला आवाज आला तो नेटीच्या बापाचा. "सगळे आहात ना? बातमीत सांगितलं, आपल्या बेटावर कोणी गेलं नाही." फोन बुबूच्या हातात होता. मी तिच्या मांडीवर होते. ती काय बोलली ते मी सांगणार नाही.

पुढे पाहुणे यायला लागले. इतक्या मोठ्या वादळात एका बेटाने एकही माणूस गमावला नाही, ही काय किमया? कुणी टोपल्यांचं नाव सांगितलं. मग टोपल्या बघायला माणसं आली आणि सगळ्यांत वेगळी, सगळ्यांत देखणी म्हणून मला बघून थांबली. "हे लाल पान किती सुंदर," एक बाई म्हणाल्या. "ही वादळाची खूण का?"

"नाही," बुबू म्हणाली.

"या विणकामाने सगळे वाचले, नाही का?"

"एक गेली," बुबू म्हणाली.

पाहुण्यांनी आपसांत विचारलं. नव्या मुखियांनी समजावून सांगितलं. त्या बाईंना खरंच वाईट वाटलं, त्यांनी बुबूचा हात धरला. पण शेवटी म्हणाल्या, "तो आजार होता, आजी. वादळात गेली असं नाही म्हणता येणार." आणि शाळेच्या दाराशी जी पाटी लागली, तिच्यावर रंगीत अक्षरांत आहे की या गावात वादळाने एकही बळी घेतला नाही. पोरं रोज त्याखालून आत येतात. बुबूने ती पाटी काढायला सांगितलं नाही. काठ मोजताना एक पाती बाहेर राहिली, एवढंच तिने म्हटलं, तेही माझ्याशी.

बुबू अजून शिकवते. डोळे गेलेत, बोटं चालतात. आता टोपलीत एक ओळ वाढली आहे, लाल. ती आली की बुबू विचारते, "ही कुणी उठवायची?" आणि पोरं ओरडतात, "कुणीच नाही!" अगदी खणखणीत. आधी मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

पण मित्रांनो, मी भिंतीवर असते, मला सगळं दिसतं. परवाच धडा संपला, घंटा झाली, पोरं "कुणीच नाही!" ओरडून बाहेर पळाली. पायरीवर नवीन एक पोर बसतं. नुकतंच आलं आहे शाळेत. अंडं खाल्लं की त्याच्या अंगावर गांधी उठतात. एल्सीने त्याच्या आईला सांगितलं आहे, आई सगळ्यांना सांगते आहे. त्याच्याभोवती चार जण जमले. हातात अंड्याचा केक होता. मायेनेच जमले होते, हो. "घे ना रे," एकजण म्हणाला. "थोडासाच. थोड्याने काय होतंय?"

पोराने माझ्याकडे बघितलं. माझ्या पोटावरचं लाल पान तेव्हाही चमकतच होतं. मी सुरी आणि ऊन सोसलेली टोपली, कान तुटलेली, काठ सुटलेला. त्या दिवशी खांबावर होते तशीच आज खिळ्यावर आहे. मला ओरडता येत नाही.

तुम्हाला येतं. तुम्ही ओरडाल का?